नाक्यावरचा एक तास

आरामखुर्चीत बसून युद्धाला विरोध करण्याइतके सुखाचे काम दुसरे नाही. सकाळी वर्तमानपत्र उघडावे, चहाच्या दुसऱ्या घोटाबरोबर 'काय ही माणसे!' असे उद्गार काढावेत आणि पान उलटून सोन्याच्या भावाकडे वळावे. पण तेच मत पुठ्ठ्यावर लिहून आमच्या वसईतल्या होळीच्या नाक्यावर, जिथे भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सारे आपल्याला ओळखतात, तासभर हातात धरून उभे राहायचे म्हटले की त्याचे वजन एकाएकी वाढते.

2025च्या 6 ऑगस्टला हिरोशिमावर अणुबाँब पडल्याला ऐंशी वर्षे पूर्ण होत होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस क्षेपणास्त्रांची आणि ड्रोनची देवाणघेवाण झाली होती. तेव्हा होळीतल्या आम्ही सात जणांनी ठरवले, की त्या संध्याकाळी युद्धाविरुद्ध आणि युद्धापायी होणाऱ्या खर्चाविरुद्ध उभे राहायचे. सातांत दोन निवृत्त शिक्षिका, एक केळीचा बागायतदार आणि उरलेले माझ्यासारखे, निम्मा जन्म चर्चगेट लोकलमध्ये घालवलेले.

"अहो, सात माणसांनी कुठे युद्ध थांबते का?" घरातून पहिला प्रश्न आला.

"विनोबा तर एकटे होते," मी म्हणालो.

हे उत्तर मी वेळ मारून नेण्यासाठी दिले नव्हते. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. महिनाभरात, 2 ऑक्टोबरला, मुंबईच्या नव्वद हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. पण मला अधिक नवल वाटते ते पुढच्या वर्षीचे. गांधीजींच्या एका शब्दावर लाखो माणसे रस्त्यावर आली असती, आणि त्यांनी निवडला एकच माणूस! 17 ऑक्टोबर 1940 रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा उभे राहिले आणि म्हणाले, की या युद्धाला माणसे देणे किंवा पैसा देणे चूक आहे. मग पुढच्या गावी, मग त्याच्या पुढच्या. 21 तारखेला देवळीला त्यांना पकडले. शिक्षा झाली तीन महिन्यांची. पुढे या सत्याग्रहात पंचवीस हजारांवर माणसे तुरुंगात गेली, पण तीही एकेकटी. सत्याग्रहीने कुठे आणि किती वाजता बोलणार हे मॅजिस्ट्रेटला आधी लेखी कळवायचे असा दंडक होता. आमंत्रण देऊन स्वतःला अटक करून घ्यायची ही रीत! शिवाय मागणी नुसती सैनिकाची नव्हती, पैशाचीही होती, हे विसरू नये. बंदूक उचलणारा एक असतो. तिचे पैसे भरणारे आपण सारे.

आणि पैशाच्या बाबतीत वसईकराला कोणी शिकवायला नको. आमच्या किल्ल्यापाशी पाहुणे येतात, 1739 सालची चिमाजी अप्पांची फत्ते ऐकून छाती फुगवतात. माझीही फुगते. पण याच वसईत 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तो सांगताना आमचा आवाज जरा खाली येतो. होळकरांकडून पुण्याजवळ मार खाऊन आलेल्या पेशव्याला संरक्षण हवे होते. मिळाले, सहा हजार पायदळ आणि तोफा. त्यांच्या खर्चापोटी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला. वर्ष उलटले नाही तोच मराठे आणि इंग्रज यांचे युद्ध पेटले. सुरक्षितता विकत घेताना बिल आधी वाचावे, हे शिकायला वसईबाहेर जायला नको.

आमच्या फलकाचा पहिला वाचक भेटला तो मात्र कडक. मागच्या आळीत राहणारे सुभेदारसाहेब. 1999 साली कारगिलला होते. फलकावर आम्ही त्या वर्षीच्या संरक्षण खर्चाचा आकडा घातला होता: 6,81,210 कोटी रुपये.

"भाऊसाहेब, यात माझे पेन्शन आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते. 1,60,795 कोटी, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, पेन्शनचाच होता.

"मग तेही लिहा. नाहीतर लोकांना वाटेल, तुम्ही म्हाताऱ्या शिपायाच्या ताटातली भाकरी मोजता."

आम्ही लिहिले. खालच्या ओळीत जगाचा हिशेबही लिहिला. 2024 साली साऱ्या देशांनी मिळून लष्करावर 2,71,800 कोटी डॉलर खर्च केले, असे स्टॉकहोमची शांतता-संशोधन संस्था सांगते. पुठ्ठा आकड्यांनी भरला आणि घोषणेला जागाच उरली नाही. मला ते बरेच झाले असे वाटते.

सहा ऑगस्टला पाऊस होता. फलकांना प्लॅस्टिक गुंडाळून, एका हातात छत्री धरून आम्ही उभे राहिलो. पोलीस ठाण्यात अर्ज आधीच दिलेला होता. एक हवालदार येऊन आम्हाला मोजून गेला. एका तरुणाने मोटारसायकल थांबवून विचारले, "पाकिस्तानात जाऊन उभे राहा की!" आमच्यातल्या एका बाईंनी, वर्गात विचारतात तशा सुरात, "तिथे उभे राहणारेही आहेत हो," असे सांगितले. आणि ते खरेच आहे. माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास अलिबागजवळ शेती करीत. 2004 साली त्यांना आणि पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांना दोन देशांतील शांततेच्या कामासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो एकत्रच. तरुण काही बोलला नाही. फलकावरचे आकडे मात्र त्याने दोनदा वाचले, आणि पेन्शनची ओळ मोठ्याने.

सुभेदारसाहेब आमच्यात उभे राहणार नव्हते. तसे त्यांनी आदल्या दिवशीच स्वच्छ सांगितले होते. ते समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. तास संपायला दहा मिनिटे असताना रस्ता ओलांडून आले आणि माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर दोन नावे होती, दोघेही त्यांच्या पलटणीतले.

"हिरोशिमाची माणसे आठवता, तर यांनाही आठवा. पण एक अट. हे फुकट गेले असे म्हणायचे नाही."

बाईंनी दोन्ही नावे वाचली. त्यानंतर कोणी काही म्हटले नाही. सुभेदारसाहेब चिठ्ठी परत घेऊन, घडी घालून, वरच्या खिशात ठेवून पुन्हा पायरीवर जाऊन उभे राहिले.

संरक्षणावरचा खर्च वाढलाच पाहिजे, हे त्यांचे मत आजही कायम आहे, आणि माझे माझे. रोज संध्याकाळी त्यावर आमचे भांडण होते, बहुधा आमच्याच ओट्यावर, आणि चहा दोनदा करावा लागतो अशी घरातून तक्रार आहे. पुढच्या खेपेच्या अर्जावर मात्र आठवी सही कोणाची, हे ते मला अजून सांगत नाहीत.