आधी कान, मग बोटे

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन आठवडे सॅक्सोफोन पलंगाखाली पडून होता. कॉलेजच्या कार्यक्रमात मुलाने लिहिलेली धून बिनचूक वाजवली होती. पण जाझमध्ये त्यानंतर वादकाने मनाने वाजवायचे असते. त्याची पाळी आली, पाठ केलेल्या सुरांवर बोटे नुसती धावली, साथीशी मेळ बसेना आणि तो मध्येच थांबला.

"विकून टाक तो," वडील म्हणाले. "निदान अभ्यास तरी होईल."

आजी मिरजेची, लग्नाआधी गाणे शिकलेली. रात्री तिने हळूच विचारले, "बाळा, जे वाजवायचं होतं, ते तुला आधी आतून ऐकू येत होतं का?"

तो गप्प राहिला.

"मग बोटांना कुठून कळणार रे?"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. कुकरची शिट्टी, मलाई मंदिरातली घंटा, जे कानावर पडेल ते आधी गायचे, मग पेटीवर शोधायचे. डोळे मिटून सा-प, सा-म, सा आणि कोमल ग यांतले अंतर ओळखायचे.

"आजी, हे रागदारीचं झालं. जाझला काय उपयोग?"

उपयोग होता. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत वाद्य हाती देण्याआधी मुलांना स्वर वाचून गायला लावत. गोव्याच्या वादकांनीच मुंबईत रात्री हॉटेलांत जाझ वाजवला आणि दिवसा चित्रपटांचे वाद्यवृंद सांभाळले. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'त दिसणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्यापैकीच.

पण जाझची रेकॉर्ड ऐकताना आजीच अडली. "अरे, याचा तंबोरा कुठाय? पायाखालची जमीनच हलतेय!"

रागात सा अचल असतो. जाझमध्ये साथीचे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, सतत बदलतात. नातवाने सांगितले तसे आजीने पेटीवर एकदम दाबले रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, शेवटी सा-ग-प-नी. दोन-तीनदा वाजवून तिचे डोळे चमकले. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सा अर्ध्या सुराने नीवर उतरत होता. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना म तसाच गवर येत होता.

"जमीन हलते खरी, पण सांगून हलते," ती म्हणाली. "तेवढं ऐक. बाकी वाजवू नकोस."

तीन महिने तो रोज हे दोन उतार आधी गात राहिला, मग वाजवत राहिला. एका संध्याकाळी त्यांच्यामध्ये त्याने स्वतःचे चार सूर घातले. आजीचा हात भात्यावर तसाच चालू राहिला.

ऑफिसातून आलेले वडील बॅग हातात धरून दारातच उभे होते. सूर संपल्यावर म्हणाले, "आज कुठे अडला नाहीस."

सॅक्सोफोन विकण्याची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.