केंब्रिजचे कफनीवाले

केंब्रिजला गेलेला मराठी माणूस प्रथम किंग्ज कॉलेजचे चॅपेल पाहतो, मग कॅम नदीतल्या होड्या पाहतो, आणि उरलेला वेळ बरा चहा कुठे मिळेल या शोधात घालवतो. त्यात काही वावगे नाही. पण वाचकहो, आपण कधी तिकडे गेलात, तर किंग्ज परेडवरून बेनेट स्ट्रीट नावाच्या आखूड गल्लीत अवश्य वळा. गल्लीत ईगल नावाचा जुना पब आहे. डीएनएचे कोडे सुटल्याचे क्रिक आणि वॉटसन यांनी १९५३ साली इथेच सांगितले, अशी त्याची ख्याती. सगळी गर्दी तिथे. त्याच गल्लीत सेंट बेनेट्सचे चर्च निमूटपणे उभे आहे.

चर्च लहानसेच. पण त्याचा ओबडधोबड दगडी मनोरा अकराव्या शतकातला आहे, आणि ही शहरातली सर्वांत जुनी वास्तू. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा या मनोऱ्याने दोन शतकांहून अधिक पावसाळे पाहिले होते! आत घोडेवाला हॉब्सन चिरनिद्रा घेत आहे. हा १६३१ साली वारला. तबेल्यात घोडे अनेक, पण गिऱ्हाइकाने दाराजवळचाच घोडा न्यायचा, नाहीतर पायी जायचे, असा त्याचा खाक्या. ‘हॉब्सन्स चॉइस’ हा वाक्प्रचार त्याच्यामुळेच रूढ झाला.

मला मात्र हॉब्सनपेक्षा दुसऱ्याच मंडळींचे कुतूहल होते. १९४५ पासून २००५ पर्यंत, तब्बल साठ वर्षे, या चर्चचा कारभार फ्रान्सिस्कन बंधूंकडे होता. अंगात तपकिरी कफनी, कमरेला दोरी आणि दोरीला तीन गाठी. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या त्या गाठी.

यात नवल ते काय, असे आपण म्हणाल. नवल असे की, हे चर्च अँग्लिकन. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी काडीमोड घेतला आणि पुढच्या काही वर्षांत देशातले मठ मोडून काढले. फ्रान्सिस्कन १२२४ साली इंग्लंडात आले होते. केंब्रिजमधल्या त्यांच्या मठाच्या जागेवर आज सिडनी ससेक्स कॉलेज उभे आहे. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे अँग्लिकन चर्चमध्ये ही कफनी कोणी अंगावर घातली नाही. ती परत आली, त्या वाटेतले एक ठिकाण आमचे पुणे आहे!

शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमावरून जाणाऱ्या किती पुणेकरांना हे ठाऊक असेल? जॅक विन्स्लो नावाचे इंग्रज मिशनरी अहमदनगरकडे (आताच्या अहिल्यानगरकडे) काम करीत. रेव्हरंड टिळकांचा त्यांच्या मनावर मोठा ठसा होता. १९२२ साली त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. इंग्रजाने साहेब म्हणून नव्हे, भाऊ म्हणून राहायचे. खादी नेसायची, जमिनीवर मांडी घालून जेवायचे. पुढे आदिवासींत रमलेले व्हेरिअर एल्विन १९२७ साली याच संघात आले, आणि त्यांचे जन्माचे सोबती शामराव हिवाळेही इथलेच. एल्विनबरोबर आलेले अल्जी रॉबर्टसन प्रकृतीमुळे मायदेशी परतले आणि केंब्रिजजवळच्या सेंट आइव्हज गावी पाद्री झाले. तिथल्या पाद्र्याच्या घराचा त्यांनी मठच केला.

तिकडे डॉर्सेट परगण्यात १९२१ पासून ब्रदर डग्लस आणि त्यांचे सोबती एका शेतावर वेगळाच संसार मांडून होते. पहिल्या महायुद्धानंतर कामाच्या शोधात रस्तोरस्ती भटकणाऱ्या बेकारांना ते आसरा देत. १९३७ साली हे दोन प्रवाह मिळाले आणि सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस उभी राहिली. तिचेच बंधू १९४५ साली बेनेटच्या चर्चात आले.

पण संन्याशाने पॅरिश सांभाळायचा म्हणजे गंमतच. पॅरिश ही एक गावकी. बारसे, लग्न, मर्तिक, गळके छप्पर, वर्गणी, रुसवेफुगवे. जो चर्चची पायरीही चढत नाही, त्याचीही काळजी पाद्र्याने वाहायची. म्हणजे ज्याने स्वतःचा प्रपंच सोडला, त्याने शंभर घरांचा प्रपंच पाहायचा! त्यात हे चर्च संत बेनेडिक्टच्या नावाचे. बेनेडिक्टच्या साधूंचे व्रत एका जागी आयुष्य काढण्याचे, तर फ्रान्सिसचे बंधू फिरते. साठ वर्षे फिरत्यांनी स्थिरांचे घर सांभाळले.

मी गेलो तेव्हा एक आजीबाई फुलदाणीत फुले लावीत होत्या. त्यांना त्या बंधूंविषयी विचारले, तशी त्यांचा चेहरा उजळला.

“फार प्रेमळ माणसं,” त्या म्हणाल्या. “दारात भिकारी आला काय नि प्रोफेसर आला काय, दोघांना सारखाच चहा. प्रार्थनेची वेळ मात्र कधी चुकली नाही.”

“ते गेले तेव्हा वाईट वाटलं असेल.”

“वाटलं तर! आता या व्रताला माणसं मिळत नाहीत. पण ते कधी म्हणालेच नाहीत की हे चर्च आमचं आहे. मग आम्ही तरी कसं म्हणणार की ते आमचे आहेत?”

हे ऐकून मी गप्प झालो. संस्था बांधून तिला घट्ट धरून बसणारे आपण सगळेच. हक्क न सांगता साठ वर्षे राबायचे आणि वेळ आली की किल्ल्या देऊन निघायचे, ही गोष्ट गृहस्थाश्रमी माणसाला पचायला जड. पण बंधूंच्या मागे ते चर्च काही ओस पडले नाही. आता नेहमीचे पाद्री आहेत, उपासना चालते, दार उघडे असते. मी बाहेर पडत होतो, तोच एक फाटक्या कोटाचा माणूस आत येऊन मागच्या बाकावर विसावला. आजीबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले, ओळखीचे हसल्या, आणि पुन्हा फुलांकडे वळल्या.