ऐकण्याची इच्छा

बंगळुरू शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वस्ती आहे. कन्नड भाषेत 'बसव' म्हणजे नंदी आणि 'गुडी' म्हणजे देऊळ. येथील टेकडीवर एकाच दगडात कोरलेला भव्य नंदी आहे, त्यावरून वस्तीला हे नाव मिळाले. १८९८ साली बंगळुरूत प्लेगची साथ आली. त्यानंतर दाटीवाटीच्या पेठा सोडून लोक मोकळ्या हवेच्या नव्या वस्त्यांत राहू लागले. बसवनगुडी ही त्यांपैकीच एक. झाडांच्या सावलीतले रस्ते, अंगण असलेली घरे आणि गांधी बाजारातील फुलांची दुकाने ही तिची ओळख होय. आता त्या अंगणांत मुले क्वचितच दिसतात. शिक्षणासाठी परदेशी गेलेली पिढी तिकडेच स्थिरावली आणि मागे राहिलेले आईवडील थकले. अशा काही घरांची वृद्धनिवासे झालेली मी पाहिली आहेत.

माझी आत्या लग्न होऊन या वस्तीत आली आणि पन्नासहून अधिक वर्षे येथेच राहिली. घरात मराठी आणि बाजारात कन्नड, असा तिचा संसार दोन भाषांत झाला. फुलवालीशी ती अशी अस्खलित घासाघीस करी, की तिची मातृभाषा वेगळी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. ऐंशीनंतर तिला स्मृतिभ्रंश झाला. या आजारात मागाहून शिकलेली भाषा कित्येकदा आधी विसरली जाते आणि बालपणीची भाषा अधिक काळ टिकते. आत्याचेही तसेच झाले. तिची कन्नड हळूहळू विरून गेली आणि मराठी तेवढी उरली. तिचा एकुलता एक मुलगा परदेशी असतो. त्याने पुष्कळ चौकशी करून तिला जवळच्याच एका वृद्धनिवासात ठेवले. तेथे संगमरवरी फरशी होती, लिफ्ट होती आणि जेवणही चांगले होते.

तिसऱ्या महिन्यात मी तिला भेटण्यास गेले, तेव्हा ती "दुखतंय गं, दुखतंय" असे सारखे म्हणत होती. रात्रपाळीच्या मदतनीस मुलीला मी हिंदीत विचारले. अज्जी चार रात्री अशाच ओरडतात, म्हणून त्यांना झोपेची गोळी देतो, असे तिने सांगितले. नोंदवहीत चारही रात्रींपुढे 'अस्वस्थ' एवढीच नोंद होती. मी आत्याला कुशीवर वळवले. माकडहाडाच्या जागी रुपयाएवढी जखम झाली होती. त्या मुलीवर रागावणे मला जमले नाही. अठरा वृद्धांसाठी ती रात्री एकटीच होती आणि 'दुखतंय' या शब्दाचा अर्थ तिला कोणीही सांगितला नव्हता.

अशा जखमेला शय्याव्रण म्हणतात. एकाच अंगावर फार वेळ पडून राहिल्याने हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि ती आतून मरू लागते. माकडहाड, खुबे आणि टाचा या जागा विशेष धोक्याच्या असतात. आरंभी तेथे केवळ लाली दिसते आणि बोटाने दाबली तरी ती जात नाही. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून ती जागा गरम किंवा टणक लागते का, हे हाताने पाहावे लागते. साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलणे, अंथरूण कोरडे ठेवणे आणि पोषक आहार देणे, हे यावरचे उपाय आहेत. यांत महागडे यंत्र एकही नाही. मात्र रात्री दोन वाजता, चार वाजता आणि सहा वाजता कोणीतरी उठले पाहिजे.

आपल्या भाषेत या कामाला 'शुश्रूषा' असा एक सुंदर शब्द आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे, या संस्कृत धातूपासून तो आला. त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. सेवा हा अर्थ त्याला पुढे चिकटला. आत्याच्या खाटेशेजारी बसले असताना हा मूळ अर्थ मला प्रथमच पूर्णपणे उमगला. तिच्या तोंडून हवा तो शब्द चार रात्री बाहेर पडत होता. तो ऐकून घेण्याची व्यवस्था मात्र तेथे नव्हती.

जखम भरल्यावर तिला त्याच भागातील दुसऱ्या, लहान वृद्धनिवासात हलवले. तेथील प्रमुख परिचारिकेने पहिल्याच दिवशी मला एक विचित्र वाटणारे काम दिले. आत्या रोज वापरते ते मराठी शब्द तिने मला विचारले आणि कन्नड लिपीत एका पुठ्ठ्यावर लिहून खाटेच्या वर लावले. दुखतंय, तहान, लघवी, थंडी, भीती असे आठ शब्द होते. आठवड्याभरात स्वयंपाकघरातल्या बाईलाही ते पाठ झाले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. रुग्णाला शय्याव्रण होते तेव्हा दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. आपण हजर असताना जे होते, ते आपण नसतानाही व्हावे अशी व्यवस्था करणे, याला त्यांनी फार महत्त्व दिले. वृद्धनिवास पारखताना हीच कसोटी लावावी. रात्री किती माणसे जागी असतात? खाटेवरून हात पोचेल अशा जागी घंटा आहे का? स्नानगृहात धरण्यासाठी दांडा आणि वाटेत मंद दिवा आहे का? औषध दिल्याची वेळ कोण लिहितो? वीज गेली तर काय करतात?

हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. २०१७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात चक्रीवादळाने एका शुश्रूषागृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. रस्त्यापलीकडे रुग्णालय असूनही आतले वृद्ध उकाड्यात राहिले आणि त्यांतील १२ जणांचे मृत्यू या उष्णतेमुळे झाल्याचे ठरले. पुढील वर्षी त्या राज्याने अशा गृहांना पर्यायी वीजव्यवस्था कायद्याने बंधनकारक केली.

सुरक्षिततेच्या नावाखाली माणसाला जखडून ठेवणे हीसुद्धा चांगली देखभाल नव्हे. पडू नये म्हणून खाटेला बांधून ठेवलेला वृद्ध लवकर दुर्बळ होतो. बसवनगुडीत कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. आत्या दरवर्षी तेथून पिशवीभर शेंगा आणत असे. आता तिला गिळताना ठसका लागे, त्यामुळे दाणे देणे धोक्याचे होते. सरळ नकार देणे सोपे होते. त्या घरातल्या मदतनीस बाईने दाण्यांचे अगदी बारीक कूट केले, ते घट्ट दह्यात कालवले आणि आत्याला ताठ बसवून चमचाचमचाने भरवले. तो वास ओळखून आत्या हसली.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढील लोकांची संख्या १० कोटींहून अधिक होती. संसदेने २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा केला. राज्य शासनाने निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम उभारावा, अशी तरतूद त्यात आहे. ज्येष्ठांना त्रास होत असल्यास १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर साहाय्य मागता येते. या तरतुदी आवश्यकच आहेत. परंतु कायदा रात्री दोन वाजता कोणाची कूस बदलत नाही. ते काम माणसाचे हातच करतात. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, अशा कित्येक स्त्रिया आणि पुरुष हे काम आज अल्प वेतनावर करत आहेत. त्यांना प्रशिक्षण, विश्रांती आणि पुरेसे साथीदार मिळाले, तरच वृद्ध सुरक्षित राहतील.

हा पाठ वाचणाऱ्यांपैकी काहीजण कदाचित असेच काम करत असतील, काहींच्या घरी वृद्ध माणूस अंथरुणाला खिळलेले असेल. नव्या माणसाची जबाबदारी हाती घेताना त्याच्या औषधांची यादी आपण मागतोच. त्याबरोबर त्याच्या बोलीतले आठ-दहा शब्दही विचारून घ्यावेत आणि ते सर्वांना दिसतील असे लिहून ठेवावेत.