आसवं आणि अभ्यास

आळेफाटा, रविवार रात्र

आज उपासनेत गाताना डोळे भरून आले. मग मनात आलं, हे अश्रू ख्रिस्तासाठी की चालीसाठी?

अशा वेळी आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. १९०५ मध्ये त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुली तासन् तास रडत, मोठ्यानं प्रार्थना करत. रमाबाईंनी ती भावना दडपली नाही. त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणत होत्या. १९२२ मध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते काम पुरं केलं. आसवं आणि अभ्यास एकाच आयुष्यात नांदले.

तेच कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं: त्यांनी ख्रिस्ती मंडळीला अभंग दिले, कीर्तन दिलं. कीर्तनाच्या पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. विचार आणि रस एकाच बैठकीत. इथून जवळ, आळ्याला, ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले असं सांगतात, त्या रेड्याची समाधी आहे. या मुलखात ज्ञान आणि भक्ती कधी वेगळी राहिलीच नाहीत.

म्हणून गाताना रडू आलं तर येऊ द्या. पण घरी परतल्यावर शास्त्र उघडा, आणि ज्याच्यासाठी रडलो त्याला नीट ओळखून घ्या.