काचेवरचं शेवाळ

डेंग्यूनंतर सक्तीची विश्रांती मिळाली आणि दिवसभर नजर समोरच्या माशांच्या टाकीवर खिळू लागली. निऑन टेट्रा, गप्पी, आणि काचेवर हळूहळू चढत जाणारं हिरवं-तपकिरी शेवाळ. ते खाणारा एखादा मासा आणावा, असं मनानं घेतलं.

दुकानदार हमखास सकर मासा दाखवतात. बोटाएवढं पिल्लू, गोजिरवाणं. तेच पुढे फूट-दीड फुटाचं होतं; मग लोक ते तलावात सोडून येतात आणि तिथल्या माशांचं काय होतं ते कुणी बघत नाही. याचा मला फार राग येतो. सयामी शेवाळखाऊ काळं, केसाळ शेवाळही फस्त करतो, पण त्याला लांबरुंद टाकी हवी.

मन बसलं ते ओटोसिंक्लसवर. जेमतेम चार सेंटिमीटरचा, गरीब स्वभावाचा, घोळक्यातच रमणारा. हिंडाफिरायला लागल्यावर दुकानात गेलो, तर एक काचेला चिकटलेला दिसला. इवलंसं गोल तोंड सारखं हलत होतं, पोट मात्र खपाटीला गेलेलं. हे मासे बहुतेक दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडून आणतात. वाटेतली उपासमार त्यांना सोसत नाही. टाकी जुनी, मुरलेली असेल तरच ते तगतात.

आजारात माझीही अन्नावरची वासना उडाली होती. ते पोट बघवेना. आपल्या काचा लख्ख राहाव्यात म्हणून कुणाला इतक्या लांबून आणायचं का? दिवा कमी वेळ लावला, पाणी वेळेवर बदललं, तरी शेवाळ बरंचसं आवरतं. पण तो मासा मनातून जात नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाईन. तो खाता झाला असेल, तर कदाचित त्याचा सगळा घोळकाच घेऊन येईन.