शंका पुरेशी असते

माझी भाची समुपदेशक आहे. परवा तिला विचारलं, "मुलानं विश्वासानं सांगितलेलं पोलिसांना कळवायचं, हा विश्वासघात नाही का गं?"

"मावशी, म्हणूनच 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मी मुलांना देतच नाही."

बोलकं मूल एकाएकी गप्प होतं, पुन्हा अंथरूण ओलं करतं, एकाच माणसाला घाबरतं. एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. ती खोदून विचारत नाही, नुसती ऐकते. पण लैंगिक अत्याचाराची शंका आली, की २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार कळवावंच लागतं. पुरावा शोधणं पोलिसांचं काम. सद्हेतूनं कळवणाऱ्याला संरक्षणही आहे.

'घरातलं घरातच राहू दे' म्हणणाऱ्या नातेवाईकांनो, हे कलम आपल्यालाही लागू आहे. १०९८ हा क्रमांक लिहून ठेवा.