आजोबांचा शेर

आमच्या देवघरात देवांच्या पंक्तीला एक लोखंडी शेर बसलेला आहे. पाडव्याला त्यालाही हळदकुंकू वाहतात. नवा पाहुणा हटकून विचारतो, "हे कोणते दैवत?" मी म्हणतो, "आजोबांचे!"

आजोबा शाहूपुरीच्या गूळबाजारात तोलार होते. १८९१ साली कोल्हापुरात रेल्वे आली आणि १८९५ साली शाहू महाराजांनी ही पेठ वसवली. पुढे १९४५ साली बाजार समिती झाली. शेतकरी एका अंगाला, अडत्या दुसऱ्या अंगाला आणि मधे काट्यापाशी तोलार! त्याने कुणाच्याही तोंडाकडे पाहायचे नाही. पहिली ढेप चढली की आजोबा 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत.

१९६२ साली शेर-मण गेले, किलो सक्तीचे झाले. त्या पाडव्याला मुहूर्ताच्या सौद्यासाठी आजीचे थोरले बंधू गूळ घेऊन आले. घरी तोललेली त्यांची ढेप बत्तीस शेरांची. बाजारात ती तीस किलोही भरेना. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, हे आजोबांनी पाटीवर मांडून दाखवले. पण "माझे दोन कुठे गेले?" हे त्यांचे पालुपद काही सुटेना. तोलणारा मेहुणाच, मग बोलायचे कुणाला? ते तसेच गावी परतले. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आजीचे ओवाळणीचे तबक तसेच राहिले.

तिसऱ्या दिवशी आजोबा पिशवीत एक शेर आणि एक किलो टाकून मेहुण्यांच्या गावी गेले. ओसरीवर तराजू धरला. एका पारड्यात शेर, दुसऱ्यात किलो. किलोचे पारडे खाली गेले. शेराच्या पारड्यात गुळाचा खडा टाकून त्यांनी काटा बरोबर केला आणि म्हणाले, "असे तीस खडे म्हणजे तुमचे ते दोन!" मेहुण्यांनी हाताला धरून त्यांना फराळाला बसवले.

जर्मनीत ब्राउनश्वाइग शहरी माल तोलण्याचे १५३४ सालचे घर होते. 'आल्टे वागे', म्हणजे जुना काटा. १९४४ च्या बाँबहल्ल्यात ते जळाले. १९९४ पर्यंत लोकांनी ते होते तसे पुन्हा उभारले. घर पुन्हा बांधता येते. विश्वास मात्र ओसरीवर जाऊन, समोर बसूनच पुन्हा जोडावा लागतो.

हे आज आठवायचे कारण असे की, मीही एक तोलारच आहे. सहामाहीला धाकट्या बहिणीचा मुलगा माझ्याच वर्गात गणितात तेहतिसावर अडला. दोन गुण मी दिले नाहीत. "मामा असून दोन गुणांना महाग झालास?" एवढे बोलून तिने अबोला धरला. भाऊबीजेचे बोलावणे अजून आलेले नाही.

नाही आले तरी मी जाणार आहे. पिशवीत भाच्याची उत्तरपत्रिका आणि गुळाची एक भेली घेऊन.